काळ्या पडद्यापुढे सगळे सारखेच!

‘ग्रेप’ म्हणजे काय, सांगा पाहू? नाही, द्राक्ष नव्हे! शाळेच्या दप्तरातली डिक्शनरी काढून काही उपयोग नाही, हा शब्द तिच्यात मिळायचा नाही. माझं शिक्षण के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. इंग्रजी शब्द अडला असं सहसा होत नाही (मराठी अडतो, हा लेख वाचताना ते कळेलच!). पण संगणकाच्या लॅबमध्ये जी-आर-ई-पी ही चार अक्षरं फळ्यावर आली तेव्हा माझी पाटी कोरी होती. पालम तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या माझ्या रूममेटचीही कोरीच होती. म्हणजे इंग्रजी शाळेची भरमसाट फी भरलेली मी आणि एक रुपया न भरलेली ती, दोघी एकाच रेघेवर! इंजिनिअरिंगला आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. याच गोष्टीवर मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

मित्र-मैत्रिणींनो, टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात माऊस चालत नाही आणि नुसती एक काडी लुकलुकत बसते. तिच्याबद्दल आपल्या हॉस्टेलवर दोन समज आहेत. पहिला, ती फक्त ‘हॅकर’ लोकांची असते. दुसरा, ती फक्त इंग्रजी फाडफाड येणाऱ्यांची असते. पहिला समज सिनेमाने करून दिला, त्याला आपण माफ करू. दुसरा मात्र साफ खोटा आहे, आणि त्यापायी आपल्यातल्या निम्म्या हुशार मुलांचं नुकसान होतं आहे. माझं तर उलटंच म्हणणं आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इंग्रजीची भिंत सगळ्यात कमी उंचीची कुठे असेल, तर ती या काळ्या पडद्यासमोर.

कसं ते सांगते. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. त्या काळी आजच्यासारखे पडदे नव्हते, टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र होतं. ते सेकंदाला दहा अक्षरं कागदावर उमटवायचं. एक-एक अक्षर दाबायला बोटाला जोर लागायचा. मग लांबलचक शब्द कोण लिहिणार? म्हणून ‘लिस्ट’चं झालं ‘एलएस’, ‘कॉपी’चं ‘सीपी’, ‘मूव्ह’चं ‘एमव्ही’. ‘कॅट’ म्हणजे मांजर नाही, ‘कॉन्कॅटिनेट’चा तो शेपूट तोडलेला अवतार आहे. ‘ऑक’ तर शब्दच नाही! आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी १९७७ मध्ये ते साधन केलं आणि आपल्या आडनावांची पहिली अक्षरं एकापुढे एक ठेवली. आणि आपला ‘ग्रेप’? ‘ईडी’ नावाच्या जुन्या एडिटरमध्ये एखादा नमुना सगळीकडे शोधून छाप असं सांगायला जी, मग दोन तिरप्या रेघांमध्ये आर-ई, आणि शेवटी पी लिहीत. तेच जोडून हे नाव तयार झालं.

गंमत पुढेच आहे. ‘युनिक’ ही आज्ञा यू-एन-आय-क्यू एवढीच आहे, शेवटचे यू आणि ई गायब. डिस्क सोडवायची ‘यूमाउंट’, तिच्यातला पहिला एन कुठे हरवला कोण जाणे. म्हणजे ज्याला स्पेलिंग पाठ आहे त्याचीच इथे पंचाईत! पूर्ण शुद्ध स्पेलिंग लिहा, मशीन शांतपणे सांगतं, असली आज्ञा मला माहीत नाही. हे सगळं ऐकून माझी रूममेट जे म्हणाली ते मला अजून आवडतं: “म्हणजे ह्यालाबी इंग्लिश येत नाही की गं, आपल्यावानीच!”

एका वाक्यात तिने सगळं सांगून टाकलं. टर्मिनलची भाषा इंग्रजी नाही. ती तिची स्वतःची एक छोटी बोली आहे आणि ती सगळ्यांना शून्यापासूनच शिकावी लागते. वाक्यरचना एकच: काय कर, कसं कर, कशावर कर. आधी आज्ञा, मग पर्याय, मग फाइलचं नाव. पंचवीस-तीस शब्द आले की संसार सुरू. याउलट एखादं मोठं माऊसवालं सॉफ्टवेअर उघडा. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू, शंभर इंग्रजी शब्द, आणि नवी आवृत्ती आली की सगळ्यांच्या जागा बदललेल्या! ज्याचं वाचन इंग्रजीतून झालंय तो नुसत्या नजरेने वाट काढतो. दुसरा अडखळतो, मागच्या बाकावर सरकतो आणि शेवटी म्हणतो, “तू कर, मी बघतो.” हे ‘मी बघतो’ फार वाईट. चार वर्षं बघण्यातच जातात.

एक सूचना. ही मराठी विभागाची पानं असल्यामुळे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आता कुणी म्हणेल, सारखेपणाचं पुराण पुरे, या खिडकीचा उपयोग काय? बरोबर आहे. उपयोग नसता तर मी तरी कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं!

आपल्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ : मेस. समजा महिनाभराच्या जेवणाच्या हजेरीची एक साधी फाइल आहे. जो जेवला त्याचं नाव, एका ओळीत एक. महिन्याच्या शेवटी कोण किती वेळा जेवलं हे काढायचं आहे. वही घेऊन बसलात तर रात्र जाईल आणि भांडणं होतील ती वेगळीच. टर्मिनलमध्ये एकच ओळ: ‘सॉर्ट हजेरी | युनिक -सी | सॉर्ट -एनआर’. पहिला सॉर्ट सारखी नावं एकाखाली एक आणतो. युनिक लागोपाठच्या सारख्या ओळींची एक ओळ करतो आणि -सी म्हटल्यामुळे त्या किती होत्या तो आकडा पुढे लिहितो. शेवटचा सॉर्ट मोठा आकडा वर ठेवतो. एंटर दाबा, यादी तयार! सगळ्यात जास्त जेवणारा पहिल्या नंबरावर (नाव मी छापणार नाही, निश्चिंत असा).

त्या मधल्या उभ्या रेघेला ‘पाइप’ म्हणतात, आणि टर्मिनलची सगळी जादू तिच्यात आहे. एका साधनातून जे बाहेर पडेल ते दुसऱ्याच्या तोंडात. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेच्या पाण्याची नळी नळीला जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये करून दाखवलं. मानवत-सेलूकडच्या मुलांना हे समजावून सांगायची गरजच नाही, त्यांनी जिनिंग बघितलेलं असतं. कापसाची गाडी रिकामी झाली की एक यंत्र सरकी वेगळी करतं, रुई पुढे सरकते, प्रेसमध्ये तिची गाठ बांधली जाते. सरकी काढणारं यंत्र गाठ बांधत नाही आणि गाठ बांधणारं सरकी काढत नाही. प्रत्येकाचं काम एकच, पण चोख. टर्मिनलमधली साधनं अगदी अशीच आहेत. ‘ग्रेप’ फक्त शोधतो, ‘सॉर्ट’ फक्त लावतो, ‘कट’ फक्त रकाना कापतो, ‘डब्ल्यूसी’ फक्त मोजतो. जोडणी तुमची!

दुसरं उदाहरण पावसाचं घेऊ, कारण आपल्याकडे गप्पांचा शेवट पावसावरच होतो. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे (स्थापना १९७२). तिथल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेकडून शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला मिळतो हे अनेकांना घरून माहीत असेल. असा सल्ला द्यायचा तर आकड्यांचा ढीग उपसावा लागतो. समजा आपल्या जिल्ह्यातल्या परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांच्या रोजच्या पावसाची फाइल आपल्यापुढे आहे. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे १,०९८ ओळी. ओळीत तारीख, तालुका आणि मिलिमीटर. प्रत्येक तालुक्याची बेरीज हवी. ‘ऑक’ला एवढंच सांगायचं: दुसऱ्या रकान्यातलं नाव बघ, त्या नावाच्या खात्यात तिसऱ्या रकान्यातला आकडा मिळव, आणि सगळ्या ओळी संपल्या की खाती छाप. लिहायला एक ओळ, उत्तराला डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ.

“हे तर एक्सेलमध्येही होतं!” होतं ना. पण पुढच्या वर्षी नवी फाइल आली की एक्सेलमध्ये सगळ्या क्लिका पुन्हा पहिल्यापासून आठवा. इथे वरचा बाण दाबायचा, जुनी ओळ परत येते, फाइलच्या नावातलं वर्ष बदलायचं आणि एंटर. शिवाय ती ओळ मित्राला पाठवता येते. क्लिक पाठवता येते का? बोटाने दाखवावी लागते, आणि बोट दाखवणारा दर वेळी शेजारी नसतो.

आता हॉस्टेलच्या खऱ्या दुखण्याकडे येते : लाइट आणि नेट. रात्री दहानंतर अख्खं हॉस्टेल वाय-फायवर तुटून पडतं. दोन जीबीची फाइल ऐंशी टक्क्यांवर आली की नेमकी लाइट जाते, आणि ब्राउझर बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ‘डब्ल्यूगेट’ हे साधन घ्या, त्याला ‘-सी’ जोडा. जिथे तुटलं तिथून पुढे उतरवायला लागतं, फक्त पलीकडच्या सर्व्हरने तशी सोय ठेवलेली हवी. पेन ड्राइव्हवर प्रोजेक्टची प्रत ठेवता? मग १९९६ पासून चालत आलेलं ‘आरसिंक’ बघा. ते आधी दोन्हीकडचं ताडून पाहतं आणि जे बदललं तेवढंच नेतं. दूरच्या सर्व्हरवर काम करताना नेट तुटलं तर काम मरू नये म्हणून ‘टीमक्स’ आहे. खिडकी बंद पडली तरी आतला प्रोग्रॅम तिकडे चालूच राहतो; नेट आलं की पुन्हा जोडून घ्यायचं. ज्यांना कधी लाइटची चिंता नाही त्यांना ही साधनं सोय वाटतील. आपल्याकडे ती गरज आहे.

सबमिशनवाल्यांसाठी दोन वेगळ्या चिजा सांगते. ‘स्क्रिप्ट’ अशी आज्ञा देऊन काम सुरू करा. पडद्यावर जे जे उमटेल ते ‘एक्झिट’ म्हणेपर्यंत एका फाइलमध्ये साठत जाईल. प्रॅक्टिकलचं आउटपुट हाताने उतरवून काढायची गरज नाही. दुसरी ‘डिफ’. दोन प्रोग्रॅममध्ये नेमका कुठे फरक आहे ते ती ओळीनुसार दाखवते. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज का रुसला, हे शोधायला याहून चांगलं काही नाही. (सरांनी दोन मुलांच्या असाइनमेंटवर ‘डिफ’ चालवली आणि काहीच उमटलं नाही, तर त्याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको!)

स्पेलिंगची धास्ती असेल तर ‘टॅब’ हे बटण लक्षात ठेवा. फाइलच्या नावाची दोन अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं नाव मशीन स्वतः पूर्ण करतं. कंट्रोल आणि आर एकत्र दाबले की मागे कधीतरी दिलेली आज्ञा शोधता येते. माझ्या मते शिकवताना ही दोन बटणं पहिल्या तासालाच दाखवायला हवीत. भीती निम्मी तिथेच जाते.

आता मराठीचा मुद्दा. “मराठी विभागात हे कशाला?” असं कुणी विचारण्याआधी एक प्रयोग सांगते. ‘परभणी’ हा शब्द ‘डब्ल्यूसी’कडून मोजून घ्या (शेवटी एंटरचं अक्षर जोडू नका). आपण चार अक्षरं मोजतो: प, र, भ, णी. मशीनला ‘-एम’ म्हणून विचारलं तर ते पाच सांगतं, कारण ‘ण’ वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी. ‘-सी’ म्हणून विचारलं तर पंधरा सांगतं! कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘जिंतूर’ आपल्या लेखी तीन अक्षरं, मशीनच्या लेखी सहा चिन्हं आणि अठरा बाइट. एका शब्दात डेटा-साठवणुकीचा अख्खा धडा शिकून होतो, आणि तोही आपल्या गावाच्या नावावर.

ही यूटीएफ-८ पद्धत कुणी आखली माहीत आहे? रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी, सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता. म्हणजे ज्या माणसाने ‘ग्रेप’ लिहिला त्याच माणसाचा हात आपली मराठी ‘ग्रेप’मधून शोधता येण्यामागेही आहे. मात्र एक अट आहे, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी कागदावर देखणं दिसतं, पण फाइलच्या आत भलतीच रोमन अक्षरं आणि खुणा भरलेल्या असतात. त्यात ‘पाऊस’ शोधा, सापडणार नाही. तेव्हा आपल्या मासिकाचे जुने अंक कधीकाळी शोधता यावेत असं वाटत असेल, तर आजपासून प्रत्येक मराठी लेख युनिकोडमध्येच जपून ठेवा, ही संपादक मंडळाला हात जोडून विनंती.

शिकायचं कुठून? ‘मॅन’ म्हणून आज्ञेचं नाव दिलं की माहितीपत्रक उघडतं, पण ते इंग्रजीत आणि जरा रुक्ष असतं. आपल्यासाठी त्याहून चांगली सोय मुंबईच्या आय.आय.टी.त झालेली आहे. तिथले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, ऐकायचं आणि शेजारच्या खिडकीत करून बघायचं. लिनक्स, बॅश, ऑक यांचे धडे त्यात आहेत आणि अनेक धड्यांचा आवाज मराठीत आहे. विशेष म्हणजे पडदा इंग्रजीच ठेवलेला आहे, फक्त समजावणं आपल्या भाषेत. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. नोकरीच्या ठिकाणी पडदा इंग्रजीच असणार, तो लपवून चालणार नाही. पण ‘का’ आणि ‘कसं’ हे मायबोलीतून कळलं तर ते पक्कं बसतं. मी कॉन्व्हेंटची असूनही पाइप मला खरा कळला तो जिनिंगच्या उदाहरणावरून, इंग्रजी पुस्तकातल्या व्याख्येवरून नाही.

लॅपटॉप नाही, ही अडचण मी हलक्यात घेत नाही. आमच्या मजल्यावर निम्म्या मुलींकडे तो नाही. पण फोन जवळपास सगळ्यांकडे आहे. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ नावाचं ॲप मोफत मिळतं (एफ-ड्रॉइडवरचं घ्या). त्यात ग्रेप, ऑक, पायथन, गिट सगळं चालतं. ज्यांच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे त्यांना ‘डब्ल्यूएसएल’ची वाट आहे, त्यात विंडोज न काढता लिनक्स चालतं. आणि लॅबमधली जुनी यंत्रं? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. ती भंगारात काढण्याआधी त्यांच्यावर हलकं लिनक्स टाकून बघावं. टर्मिनलला कितीशी ताकद लागते? जी साधनं खोलीएवढ्या यंत्रांच्या जमान्यात चालली ती आपल्या लॅबच्या पीसीवर पळतील.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर एकतर्फी वकिली होईल. टर्मिनलने सगळं होतं असं मुळीच नाही. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांचं ड्रॉइंग, पोस्टर, व्हिडिओ यांना माऊसच लागतो. शिवाय ही खिडकी दयाळू नाही. ‘आरएम’ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेली म्हणजे गेली. म्हणून नव्या माणसाने ‘आरएम -आय’ची सवय लावावी, म्हणजे ते पुसण्याआधी विचारतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप आजचा आहे: “आता एआय आज्ञा लिहून देतो, पाठ कशाला करायच्या?” पाठ करूच नका! पण वाचता आल्या पाहिजेत की नाही? दिलेल्या ओळीत ‘आरएम’ आहे की ‘एमव्ही’ हे न बघता एंटर मारणारा इंजिनिअर आणि न वाचता कागदावर अंगठा उठवणारा माणूस यांत फरक काय? उलट हे मदतनीस आता स्वतःच टर्मिनलमध्ये बसून काम करू लागले आहेत. म्हणजे काळी खिडकी जुनी झाली म्हणता म्हणता पुन्हा मधोमध येऊन बसली. आणि खरी मोठी यंत्रं तर कधी तिच्या बाहेर गेलीच नव्हती. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. संशोधक त्याच्यावर काम करतात ते आपल्या टेबलावरून ‘एसएसएच’ने आत शिरून, टर्मिनलमधूनच. उद्या आपल्यापैकी कुणी तिथे पोचलं तर समोर हीच लुकलुकणारी काडी असेल.

शेवटी आदरणीय शिक्षकवर्गाला, लहान तोंडी मोठा घास घेऊन, तीन गोष्टी सुचवते.

पहिली. ओरलला आज्ञांचे फुलफॉर्म विचारणं थांबवा. त्यामुळे आम्ही यादी पाठ करतो, रेकॉर्ड बुकात सुंदर अक्षरात उतरवतो आणि परीक्षेच्या संध्याकाळी विसरतो. त्याऐवजी एक फाइल द्या आणि एक प्रश्न द्या: “यात सगळ्यात जास्त पाऊस कुठल्या तालुक्यात पडला, काढून दाखव.” दहा मिनिटांत कळेल कुणाला येतं आणि कुणाला नाही. असा प्रश्न इंग्रजी बोलण्याचा कस बघत नाही, विचार करण्याचा बघतो.

दुसरी. समजावताना मराठी वापरायला संकोच करू नका. पडद्यावरचा शब्द इंग्रजीच राहू द्या, पण त्याची गोष्ट मराठीत सांगा. पेपर इंग्रजीत आहे म्हणून समजणंही इंग्रजीतच झालं पाहिजे असा कुठे नियम आहे?

तिसरी. हा विषय तिसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबपर्यंत थांबवू नका, आणि फक्त कॉम्प्युटरच्या मुलांपुरताही ठेवू नका. पहिल्याच सत्रात, सगळ्या शाखांना, आठवड्याला एक तास पुरे. त्याच सत्रात मुलं ठरवून टाकत असतात की मी ‘करणारा’ आहे की ‘बघणारा’. एकदा बघणारा झाला की त्याला परत पुढच्या बाकावर आणणं फार अवघड जातं.

आणि मित्र-मैत्रिणींनो, आपल्यालाही एक सांगणं आहे. रूमवर कुणी काळी खिडकी उघडून बसलं तर “काय बे, हॅकर झालास का?” म्हणून हसू नका, खुर्ची ओढून शेजारी बसा. सुरुवातीला पाच शब्द पुरेत: ‘एलएस’, ‘सीडी’, ‘कॅट’, ‘ग्रेप’, ‘सॉर्ट’. रोज दोन नवे म्हटले तरी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाईपर्यंत तुमच्याकडे पुरेसा साठा होतो. तुमची शाळा कोणती होती, दहावीला इंग्रजीत किती पडले, आडनाव काय, गाव कुठलं, हे ती खिडकी विचारत नाही. बरोबर लिहिलं की काम करते, चुकलं की तुम्हालाही तेच सांगते आणि मलाही तेच सांगते.

इतकी सरळ वागणूक आपल्याला दुसरीकडे कुठे मिळते, सांगा बरं?

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर